आईंचा ५८ आणि तुमचा ६३: काळजीचा आकडा कोणता?

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराचा प्रश्न आहे. चार वर्षांपूर्वी त्यांच्या आईने त्यांना किडनी दिली. आई आता ५८ वर्षांच्या, ते स्वतः ३३ वर्षांचे. परवा दोघांनी एकाच लॅबमध्ये रक्त दिलं. आईंचं क्रिएटिनिन (किडनी गाळून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ, गाळणं मंदावलं की रक्तात वाढतो) १.१ आलं, खाली ईजीएफआर (त्यावरून काढलेला गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज) ५८ आणि शेजारी 'किडनीचा दीर्घ आजार, स्टेज ३' असं छापलेलं. यांचं क्रिएटिनिन १.५, ईजीएफआर ६३. ते विचारतात: "माझं साठच्या वर आहे, म्हणजे मी बरा आहे. पण माझ्यापायी आईची उरलेली किडनी खराब झाली का? आणि मला दिलेली आणखी किती वर्षं चालेल?"

ओघात त्यांनी आणखी काही गोष्टी लिहिल्या आहेत. ऑपरेशनच्या आधी आईंचं क्रिएटिनिन ०.८ होतं, घरी सोडताना १.२. आरोग्य केंद्रात नुकतंच त्यांचं बीपी १४६/९० भरलं. गुडघे दुखतात म्हणून त्या मेडिकलमधून गोळी आणून घेतात. स्वतःबद्दल त्यांनी लिहिलंय की पहिली तीन वर्षं क्रिएटिनिन १.२ होतं, मग १.३ झालं, आता १.५. ऑक्टोबर छाटणीच्या धांदलीत संध्याकाळची गोळी काही वेळा राहून गेली. शेवटी एक प्रश्न: घरची बाग असून द्राक्षं खायची नाहीत असं कुणी सांगितलं, ते खरं का?

मी नाशिकमध्ये बावीस वर्षं किडनीचे रुग्ण बघतोय. तुमच्या दोघांच्या फायली माझ्यासमोर नाहीत, तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे गोळीचा डोस मी इथून सांगणार नाही. पण तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून एक गोष्ट ठामपणे सांगतो. आईंचा ईजीएफआर ५८ बघून मला भीती वाटत नाही. तुमचा ६३ बघून वाटते. तुम्ही नेमकं उलट धरून बसला आहात, म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी आईंचं बघू. ऑपरेशनआधी ०.८ म्हणजे त्यांच्या वयाला ईजीएफआर साधारण ८७. एक किडनी काढली त्या दिवशी गाळण्याची एकूण क्षमता निम्म्यावर येते. ती तिथेच राहत नाही. काही आठवड्यांत, काही महिन्यांत उरलेली किडनी जास्त रक्त घेऊ लागते, आकाराने वाढते आणि मूळच्या ६० ते ७० टक्क्यांवर येऊन स्थिरावते. ८७ चे दोन तृतीयांश किती? बरोबर ५८.

हे कसं होतं ते तुम्हाला बागेवरून चटकन कळेल. घडाची विरळणी केली की उरलेल्या मण्यांची फुगवण होते, पण मण्यांची संख्या वाढत नाही. किडनीतही तसंच आहे. एका किडनीत सरासरी दहा लाख गाळण्या असतात (माणसामाणसांत यात पुष्कळ फरक असतो), त्यांना आम्ही नेफ्रॉन म्हणतो. जन्मानंतर नवा नेफ्रॉन तयार होत नाही. जे उरतात ते फुगतात आणि जास्त काम उचलतात. आईंच्या पोटातली किडनी चार वर्षं हेच करते आहे. घरी सोडताना १.२, आज १.१, म्हणजे ती घसरलेली नाही, उलट थोडी सावरली आहे. बऱ्याच दात्यांमध्ये पहिल्या काही वर्षांत असंच दिसतं. क्षमता टिकते किंवा किंचित वाढते.

मग रिपोर्टवर स्टेज ३ का आलं? लॅबच्या यंत्राला तीनच गोष्टी कळतात: क्रिएटिनिन, वय, आणि स्त्री की पुरुष. या बाईंनी स्वखुशीने एक किडनी काढून दिली आहे, हे त्याला कोण सांगणार? त्या पायऱ्या आखल्या आहेत त्या आजारी किडन्यांसाठी. मधुमेहाने ५८ वर आलेल्या किडनीत जखमा असतात, लघवीतून प्रथिनं गळत असतात आणि आकडा दर वर्षी खाली सरकत असतो. निरोगी दात्याच्या ५८ मागे यातलं काहीच नसतं. ते शब्द वाचून रात्र रात्र न झोपलेल्या आया मी पाहिल्या आहेत. कुणीतरी आधीच बसवून समजावलं असतं तर त्यांचा तो त्रास वाचला असता.

म्हणजे किडनी दिल्याने काहीच होत नाही का? असं मी कोणत्याही दात्याला सांगत नाही, तुम्हालाही सांगणार नाही. फुगलेल्या नेफ्रॉनवर दाब जास्त असतो. राखीव साठा वापरात आलेला असतो. बीपी, युरिक ॲसिड थोडं चढण्याकडे कल असतो. २०१४ साली अमेरिकेतल्या ९६ हजारांहून अधिक दात्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पंधरा वर्षांत किडनी पूर्ण निकामी होण्याचं प्रमाण दात्यांमध्ये दर दहा हजारांत सुमारे ३१ होतं, आणि तितक्याच निरोगी पण किडनी न दिलेल्या लोकांमध्ये सुमारे ४. पटीत बघितलं तर वाढ मोठी वाटते. माणसं मोजली तर दहा हजारांपैकी ९,९६९ जणांवर ती वेळ आली नाही. त्याच अभ्यासात आयुष्यभराचा अंदाजही होता: दाते दहा हजारांत ९०, आणि कुठलीही चाचणी न करता घेतलेली सर्वसाधारण जनता ३२६. दाता मुळात पारखून निवडलेला असतो, म्हणून तो सर्वसाधारण माणसापेक्षा सुरक्षित राहतो. पण स्वतःशीच तुलना केली, तर किडनी दिल्यावर त्याचा धोका थोडा वाढतो. ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत. डॉक्टरने दोन्ही सांगायला हवीत.

हे आकडे अमेरिकेतले आहेत. आपल्याकडे मधुमेह लवकर गाठतो, उन्हातलं कष्टाचं काम असतं, आणि दुखणाऱ्या अंगावर गोळी घ्यायला चिठ्ठी लागत नाही. म्हणून आईंच्या बाबतीत माझं लक्ष क्रिएटिनिनपेक्षा तुम्ही सहज लिहून टाकलेल्या दोन ओळींकडे जातं.

पहिली ओळ गुडघ्याच्या गोळीची. मेडिकलमधून मिळते ती बहुधा डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन नाहीतर निमेसुलाइड असते. किडनीत शिरणारी बारीक रक्तवाहिनी उघडी ठेवायला शरीर जी रसायनं वापरतं, तीच ही औषधं बंद पाडतात. दोन धडधाकट किडन्या असलेला माणूस एखादी गोळी पचवून जातो. आईंची एकच किडनी आधीच पूर्ण उघड्या वाहिनीवर काम करते आहे. तिथे रोजची गोळी नको. त्यात एप्रिलच्या खरड छाटणीचं ऊन, पाणी कमी, वर एखादा जुलाब झाला की दोन दिवसांत क्रिएटिनिन दुप्पट झालेलं मी पाहिलं आहे. पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात चालेल. मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम गुडघ्याला खरोखर आराम देतात. गावात कुणी 'आयुर्वेदिक आहे, अपाय नाही' म्हणून भस्माची पुडी दिली तर ती घरात ठेवू नका. त्यात कोणता धातू किती आहे हे कळायला मार्ग नसतो.

दुसरी ओळ बीपीची. आरोग्य केंद्रातलं एक माप म्हणजे निदान झालं असं नाही. दंडाला बांधायचं यंत्र घ्या आणि सात दिवस सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसल्यावर मोजून वहीत लिहा. सरासरी १३५/८५ च्या वर राहिली तर औषध सुरू करण्याबद्दल डॉक्टरांशी बोलायलाच हवं. आणि त्याच वेळी सकाळच्या पहिल्या लघवीतलं अल्ब्युमिन (हे एक प्रथिन) आणि क्रिएटिनिन यांचं गुणोत्तर तपासून घ्या. ते ३० च्या खाली आलं तर आईंच्या किडनीबद्दल तुम्ही निर्धास्त व्हावं असं मी म्हणेन. वर आलं तर त्यावर उपयोगी औषधं आहेत, आणि ती वेळेवर सुरू करता येतात.

मला मनापासून खटकणारी गोष्ट इथेच आहे. ट्रान्सप्लांट झालं की घेणाऱ्याची फाईल जाडजूड होत जाते आणि देणाऱ्याची बंद होते. आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायकाच जास्त आहेत: आई, बायको, बहीण. मुलासोबत फॉलोअपला येतात, बाहेर बाकावर पिशवी धरून बसतात, आणि त्यांचं बीपी कुणी बघत नाही. एकदा अशाच एका मावशींना मी बाकावरून आत बोलावलं. किडनी देऊन अकरा वर्षं झाली होती. बीपी १८० च्या वर, लघवीत प्रथिनं. मधल्या अकरा वर्षांत एकदाही तपासणी नाही, कारण 'मला काय धाड भरलीय, आजारी तो होता' असं त्यांना वाटत होतं आणि दुसरं कुणी सांगितलं नव्हतं. त्या आज औषधांवर स्थिर आहेत, पण ती अकरा वर्षं परत येणार नाहीत. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या जोडीचे दोन केसपेपर निघतात. दात्याला वर्षातून एकदा बीपी, वजन, क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन आणि साखर, एवढंच लागतं. काही शे रुपयांचं काम आहे. घरात किडनी दिलेली तरुण बहीण किंवा भावजय असेल तर आणखी एक सांगतो: पुढे गरोदरपण आलं तर प्रसूतीतज्ज्ञांना पहिल्याच भेटीत किडनी दिल्याचं सांगावं. कॅनडातल्या एका अभ्यासात गरोदरपणातल्या वाढत्या बीपीचं प्रमाण दात्या स्त्रियांमध्ये शंभरात ११ आणि इतरांमध्ये ५ आढळलं. बहुतेकींची बाळंतपणं सुखरूप होतात, फक्त लक्ष जास्त ठेवावं लागतं.

एक ओळ मध्येच लिहून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना घोळ होणार नाही: आईंचा आकडा कमी आहे पण जागेवर आहे, तुमचा जास्त आहे पण घसरतो आहे.

आता तुमच्याकडे येतो. १.२ वरून १.५ म्हणजे काय, नुसते तीन दशांश, असं सगळ्यांनाच वाटतं. पण क्रिएटिनिन आणि क्षमता यांचं नातं सरळ नाही. तुमच्या वयाला १.२ म्हणजे सुमारे ८२ आणि १.५ म्हणजे सुमारे ६३. जवळजवळ पाव हिस्सा गेला. ट्रान्सप्लांट झालेल्या माणसाचं क्रिएटिनिन त्याच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा वीस-पंचवीस टक्क्यांनी चढलं, तर कारण सापडेपर्यंत आम्ही स्वस्थ बसत नाही.

आईंच्या पोटातली आणि तुमच्या पोटातली, जोडी एकाच शरीरातली. पण तुमच्याकडे आलेलीचा प्रवास वेगळा आहे. काढून बसवेपर्यंत तिने काही काळ रक्ताशिवाय काढला. तुमच्या शरीराला ती कायम परकी आहे. शरीराचा प्रतिकार दाबून तिला वाचवणारं टॅक्रोलिमस, म्हणजे तुमची सकाळ-संध्याकाळची गोळी, हेच औषध तिच्या बारीक रक्तवाहिन्या आखडवतं आणि वर्षानुवर्षं जास्त राहिलं तर आत पट्ट्यापट्ट्यांनी व्रण धरतात. औषध कमी पडलं, तर शरीर तिच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं. हा हल्ला मंद असतो. ताप नाही, दुखणं नाही, लघवी भरपूर. फक्त कागदावर १.२ चं १.३ होतं, १.३ चं १.५.

शिवाय बाकीची कारणं आहेतच. औषधांमुळे प्रतिकारशक्ती दबली की बीके नावाचा विषाणू डोकं वर काढतो. स्टेरॉइड आणि टॅक्रोलिमसमुळे नव्याने मधुमेह होतो. मूळ आजार नव्या किडनीत परत येतो. १९५४ साली बॉस्टनमध्ये जगातलं पहिलं यशस्वी किडनी ट्रान्सप्लांट झालं ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये, म्हणून शरीराने किडनी नाकारण्याचा प्रश्नच नव्हता. तरी घेणारा भाऊ आठ वर्षांनी गेला, कारण मूळ आजार नव्या किडनीत उलटला. देणारा भाऊ पुढे ५६ वर्षं जगला. म्हणून तुमची किडनी मुळात कशाने गेली होती, त्याचा कागद शोधून ठेवा. डॉक्टर तो मागणार.

तुमच्या बाबतीत पहिला संशय मला चुकलेल्या गोळ्यांचा आहे. यात मी तुम्हाला रागावत नाही. छाटणीला मजूर मिळाले की दिवस मावळेपर्यंत बागेतून निघता येत नाही, हे मी दिंडोरी-निफाडच्या अनेक रुग्णांकडून ऐकलंय. पण डॉक्टरांसमोर गेल्यावर 'गोळ्या वेळेवर घेतो' असं म्हणू नका. तुम्ही हे लपवलंत तर चढलेल्या क्रिएटिनिनचा दोष औषधाच्या जास्तीकडे जाईल, डोस कमी होईल आणि किडनीचं आणखी नुकसान होईल. खरं सांगितलंत तर मार्ग निघतात. टॅक्रोलिमसचा दिवसातून एकदाच घ्यायचा प्रकारही मिळतो. तो तुम्हाला योग्य आहे का, हे विचारा. तोपर्यंत एक डबी घरी, एक बागेतल्या शेडमध्ये सावलीत, आणि फोनला गजर.

लेव्हलच्या, म्हणजे रक्तातल्या औषधाच्या प्रमाणाच्या तपासणीत एक चूक मी दर महिन्याला बघतो. टॅक्रोलिमसची लेव्हल आदल्या रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी द्यायची असते. लोक पहाटे निघतात, नाश्त्याबरोबर सवयीने गोळी घेतात, मग लॅबमध्ये पोचतात. लेव्हल भलतीच जास्त दिसते आणि त्यावरून डोस कमी केला जातो. गोळी खिशात ठेवा, रक्त दिल्यावर घ्या. मेडिकलवाल्याने कंपनी बदलून दिली असेल तर तेही सांगा, कारण कंपनी बदलली की लेव्हल पुन्हा बघावी लागते. जुलाबातही लेव्हल चढते. काही अँटिबायोटिक आणि बुरशीच्या संसर्गावरची औषधं ती वाढवतात, तर टीबीचं रिफाम्पिसिन ती इतकी पाडतं की किडनी जाऊ शकते. कुठल्याही नव्या डॉक्टरकडे पहिलं वाक्य 'माझं ट्रान्सप्लांट झालंय' हेच असू द्या.

पुढे काय होईल ते सांगतो, म्हणजे अचानक ऐकून घाबरणार नाही. लेव्हल, लघवीतली प्रथिनं, साखर, बीके विषाणूची रक्ततपासणी, नव्या किडनीची डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी) सोनोग्राफी, आणि दात्याविरुद्धच्या अँटिबॉडी. यातून कारण स्पष्ट झालं नाही तर बायोप्सी. बायोप्सीला लोक फार भितात. खरं तर तुमची नवी किडनी ओटीपोटात, कातडीच्या जवळ आहे. जागा बधिर करून सोनोग्राफीत बघत सुईने किडनीचा बारीक तुकडा काढतात. क्वचित रक्तस्राव होतो, म्हणून काही तास झोपवून ठेवतात. पण औषध जास्त झालंय, कमी पडलंय की विषाणू आहे, याचं सर्वांत भरवशाचं उत्तर तो तुकडाच देतो. आणि औषध कमी पडलं असेल तर उपचार बाकीच्या दोन्हींच्या उलट दिशेने जातो. अंदाजाने केलेला उपचार इथे किडनीच्या जिवावर बेततो.

'किती वर्षं चालेल' याला खरं उत्तर असं: अमेरिकेतल्या अलीकडच्या ट्रान्सप्लांटवरून काढलेल्या अंदाजानुसार जिवंत दात्याच्या निम्म्या किडन्या १९ वर्षांच्या आसपास किंवा त्यापुढे चालतात. निम्म्या त्याआधी जातात. तुम्ही कोणत्या निम्म्यात, हे पुढच्या काही आठवड्यांत काय सापडतं आणि ते किती लवकर सुधारतं यावर बरंचसं ठरेल. अँटिबॉडीचा हल्ला लवकर पकडला तर तो मंदावता येतो. व्रण पडून गेल्यावर तो भाग परत मिळत नाही. म्हणून 'छाटणी उरकली की बघू' म्हणू नका.

द्राक्षांचं आता. हा गोंधळ नाशिकमध्ये मी असंख्य वेळा सोडवलाय. टॅक्रोलिमसबरोबर वर्ज्य आहे ते ग्रेपफ्रूट. ते लिंबू-संत्र्याच्या कुळातलं मोठं आंबट फळ, त्याचा आपल्या द्राक्षाशी काही संबंध नाही. पपनसही त्याच्याच जवळचं, तेही टाळा. आतड्याच्या भिंतीत औषध मोडणारं जे एन्झाइम असतं, त्याला ही फळं बंद पाडतात, आणि लेव्हल चढते. द्राक्षं खा. फवारणीचा काळ सोडून, स्वच्छ धुऊन. साखर किंवा पोटॅशियम वाढलेलं असेल तरच प्रमाण विचारा. बागेत जा, पण फवारणी स्वतः करू नका आणि शेणखत उकरायचं काम दुसऱ्याकडे द्या. त्यातली बुरशी तुमच्यासारख्या दबलेल्या प्रतिकारशक्तीच्या माणसाच्या फुप्फुसात घर करते.

तुमच्या मनातला खरा प्रश्न मला दिसतोय: आईचं आयुष्य मी कमी केलं का? तुम्ही दिलेल्या आकड्यांत तसं काहीही दिसत नाही. त्यांच्या दोन्ही किडन्यांची, त्यांच्या पोटातलीची आणि तुमच्या पोटातलीची, राखण मात्र आता तुमच्याकडे आहे. याच आठवड्यात एक सकाळ काढा. आदल्या रात्रीची गोळी घड्याळ बघून घ्या, सकाळची खिशात ठेवा. आईंना सोबत घ्या, त्यांच्या पहिल्या लघवीची बाटली, बीपीची वही आणि गुडघ्याच्या गोळीची रिकामी पट्टी पिशवीत टाका. आत गेल्यावर सांगा की केसपेपर दोन काढायचे आहेत.